अहवाल एका गायीचा, निदान गोठ्याचे

संकरित गायीच्या काळ्या केसांवर तांबूस झाक, डोळ्यांभोवती चष्म्यासारखे फिके वर्तुळ, हटत नसलेले जुलाब आणि वारंवार उलटणे, एवढे दिसले की आपण तांब्याची चिठ्ठी लिहून मोकळे होतो. पण यातले एकही लक्षण तांब्याच्या एकट्याच्या मालकीचे नाही. उन्हाने केस विटतात, जंतांनी जुलाब लागतात आणि गाय उलटण्याची कारणे तर माज चुकण्यापासून ऊर्जेच्या तुटीपर्यंत पसरलेली आहेत. लक्षणांवरून संशय घ्यावा, शिक्कामोर्तब करू नये.

रक्ताचा अहवालही एकट्याने भरवशाचा नाही. तांब्याचा साठा यकृतात असतो आणि तो आटत येईपर्यंत यकृत रक्तातली पातळी सांभाळून धरते. समजा, आठवड्यापूर्वी व्यालेल्या आणि कासदाह झालेल्या गायीच्या प्लाझ्मात तांबे प्रति मिलिलिटर ०.९ मायक्रोग्रॅम आले. कागदावर सारे ठीक. मात्र दाहात सेरुलोप्लाझमिन वाढते आणि रक्तातले बहुतेक तांबे याच प्रथिनात असते, त्यामुळे खरी कमतरता या आकड्याआड लपू शकते. नमुना प्लाझ्माचा की सीरमचा, हेही नोंदवावे. गुठळी होताना काही तांबे तिच्यात अडकते आणि सीरमचा आकडा कमी येतो.

म्हणून एका आजारी गायीऐवजी एकाच वयाच्या, एकाच आहारावरच्या सात-आठ निरोगी दिसणाऱ्या जनावरांचे नमुने घ्यावेत. मग गव्हाणीकडे वळावे. इंग्लंडमधील सॉमरसेटच्या ठरावीक कुरणांवर गायींना जुलाब का लागतात, याचे उत्तर १९३८ मध्ये चाऱ्यातल्या जादा मॉलिब्डेनममध्ये सापडले. कोठीपोटात मॉलिब्डेनम आणि गंधक मिळून थायोमॉलिब्डेट बनते आणि ते तांबे बांधून टाकते. एकूण आहारात तांबे व मॉलिब्डेनमचे प्रमाण २:१ च्या खाली गेले की तांबे पुरेसे असूनही जनावर उपाशीच राहते. आपल्याकडे मळी आणि बोअरचे खारे पाणी यांतून गंधक येते. बोअरच्या पाण्यातले लोहही तांब्याच्या आड येते. चारा आणि पाणी न तपासता तांबे वाढवणे हा अर्धा उपचार आहे.

आणि तो धोक्याचाही आहे. जादा तांबे यकृतात महिनोन् महिने साचते आणि एखाद्या ताणाच्या निमित्ताने एकदम रक्तात उतरते. मग कावीळ, कॉफीच्या रंगाची लघवी आणि मृत्यू. मेंढी याला सर्वांत लवकर बळी पडते. एकाच वाड्यात गाई-मेंढ्या असतील, तर गाईंचे खनिज मिश्रण मेंढ्यांना घालू नका, असे पशुपालकाला बजावून सांगणे आपले कर्तव्य आहे. खाद्य, मिश्रण आणि इंजेक्शन मिळून किती तांबे जाते, याची बेरीज केल्याशिवाय नवी मात्रा लिहू नये.

साठ्याचा खरा हिशेब यकृतच देते. जिवंत जनावराची यकृत-बायोप्सी प्रत्येकाला जमणार नाही; शवविच्छेदन मात्र आपण करतोच. त्या वेळी यकृताचा तुकडा स्वच्छ पिशवीत, बर्फावर प्रयोगशाळेला धाडावा. कोरड्या वजनावर प्रति किलो २० मिलिग्रॅमच्या खालचा आकडा कमतरतेची ठाम साक्ष आहे. मेलेल्या गायीचा हा अहवाल गोठ्यातल्या उरलेल्या जनावरांचा उपचार ठरवतो. असे तुकडे प्रत्येक तालुक्यातून जाऊ लागले, तर खनिज मिश्रण अंदाजाने नव्हे, त्या भागाच्या गरजेने लिहिता येईल.