विदर्भाची नवी घडी आणि अकोल्याचा वाटा

अकोला : २६ फेब्रुवारी २०२५ रोजी महाशिवरात्र होती. जुन्या शहरात राजराजेश्वर मंदिराच्या दिशेने पहाटेपासून भाविकांची रीघ लागलेली असते, तो हा दिवस. त्याच सकाळी नागपूरजवळ जामठ्याच्या मैदानावर विदर्भ आणि केरळ यांच्यातील रणजी करंडकाचा अंतिम सामना सुरू झाला. जयहिंद चौकापासून डाबकी रोडपर्यंतच्या क्रिकेटवेड्यांच्या दृष्टीने त्या सामन्यातील पहिली बातमी नाणेफेकीची नव्हती. केरळने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतले, हे नंतर. विदर्भाच्या अकरा जणांत अथर्व तायडेचे नाव नव्हते, ही खरी बातमी होती.

अकोल्याचा हा डावखुरा सलामीवीर मुंबईविरुद्धच्या उपांत्य सामन्यापर्यंत संघात होता. अंतिम सामन्यात त्याच्या जागी अक्षय कर्णेवार आला आणि ध्रुव शोरीसोबत सलामीला पार्थ रेखाडेला पाठविण्यात आले. रेखाडे पहिल्याच षटकात शून्यावर बाद झाला. तिसऱ्या क्रमांकावर कोण यावे? अकोला क्रिकेट क्लबमध्ये घडलेला दर्शन नळकांडे, म्हणजे मुळात वेगवान गोलंदाज! तोही एक धाव काढून परतला आणि थोड्याच वेळात धावफलकावर ३ बाद २४ अशी अवस्था झाली. 'आपला पोट्टा' बाहेर बसला आहे आणि त्याच्या जागेवर गोलंदाज फलंदाजीला जात आहे, हे दृश्य ज्याने पाहिले त्या अकोलेकराला निवड समितीविषयी काय वाटले असेल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

या रागाची दखल घेतली पाहिजे. मात्र तो जसाच्या तसा स्वीकारता येत नाही.

वगळण्यामागचे गणित

मुंबईविरुद्धच्या उपांत्य सामन्यात तायडे दोन्ही डावांत अपयशी ठरला होता. त्याच सामन्यात रेखाडे या डावखुऱ्या फिरकीपटूने एकाच षटकात अजिंक्य रहाणे, सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे यांना बाद करून सामन्याचे पारडे फिरविले होते. विदर्भाने तो सामना ८० धावांनी जिंकला. अशा गोलंदाजाला वगळणे कोणत्याही कर्णधाराला अवघड गेले असते. शिवाय पाच दिवसांच्या सामन्यात शेवटी पहिल्या डावातील आघाडीच निर्णायक ठरण्याची शक्यता होती, त्यामुळे संघाला आणखी एक अष्टपैलू हवा होता. मग अकरातून कमी होणार कोण? धावा होत नसलेला सलामीवीरच. सूत्र निर्दय असले तरी चुकीचे नव्हते.

निकालानेही ते खोटे ठरविले नाही. दानिश मालेवारच्या १५३ आणि करुण नायरच्या ८६ धावांच्या बळावर विदर्भाने ३७९ पर्यंत मजल मारली. केरळचा डाव ३४२ वर संपला. नळकांडे, रेखाडे आणि हर्ष दुबे या तिघांनी प्रत्येकी तीन बळी घेतले. ३७ धावांची ती आघाडीच तिसऱ्या रणजी विजेतेपदाला पुरली. दुसऱ्या डावात नायरने १३५ धावा केल्या आणि अखेरीस नळकांडेचे अर्धशतक पूर्ण होताच खेळाडूंनी हस्तांदोलन केले. पहिल्या डावात ज्याला तिसऱ्या क्रमांकावर पाठविणे हा जुगार वाटला होता, तोच शेवटी नाबाद उभा होता. क्रिकेटमध्ये असे होते.

तेव्हा 'नागपूरने अकोल्याच्या मुलाला डावलले' हा जुन्या शहरातील निष्कर्ष त्या एका सामन्यापुरता टिकत नाही. तथापि तो निष्कर्ष एका सामन्यातून निघालेला नाही, याकडेही दुर्लक्ष करता येणार नाही.

पाहुण्यांच्या जोरावर?

विदर्भाचा संघ १९५७-५८ च्या मोसमापासून रणजी खेळतो. पहिले विजेतेपद मिळण्यास साठ वर्षे लागली. १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरच्या होळकर मैदानावर फैज फजलच्या संघाने दिल्लीला नऊ गडी राखून हरविले, तेव्हा प्रशिक्षक मुंबईचे चंद्रकांत पंडित होते आणि फलंदाजीचा आधार मुंबईचा वसीम जाफर व कर्नाटकचा गणेश सतीश होता. पुढच्याच मोसमात जाफरने १०३७ धावा काढल्या आणि विदर्भाने नागपुरात सौराष्ट्राला ७८ धावांनी नमवून करंडक राखला. २०२३-२४ पासून ही जागा करुण नायर आणि दिल्लीचा ध्रुव शोरी यांनी घेतली. बाहेरच्या तीन व्यावसायिक खेळाडूंना खेळविण्याची मुभा मंडळ देते आणि विदर्भाइतका तिचा विचारपूर्वक उपयोग फार थोड्या संघांनी केला असेल.

'बाहेरचे तिघे खेळतात म्हणून घरचे तिघे बसतात' हा युक्तिवाद अकोल्यातच होतो असे नाही. इंग्लंडच्या यॉर्कशायर कौंटीने तर त्याच जिल्ह्यात जन्मलेल्यांनाच खेळविण्याचा दंडक अनेक दशके पाळला. १९९२ मध्ये तो सोडून पहिला परदेशी खेळाडू घेतला गेला, तो म्हणजे १९ वर्षांचा सचिन तेंडुलकर. १९६८ नंतर हुलकावणी देणारे कौंटी विजेतेपद यॉर्कशायरला २००१ मध्ये मिळाले, तेव्हा संघात डॅरेन लेहमन हा ऑस्ट्रेलियन होता. केवळ मातीच्या अभिमानावर संघ जिंकत नाहीत. मात्र पाहुणा निघून गेल्यावर त्याची जागा भरण्यास घरचा कोणी तयार आहे की नाही, यावरच त्या पाहुण्याचा खरा हिशेब मांडावा लागतो.

विदर्भात हा हिशेब मांडण्याची वेळ लवकर आली. २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात हॅट्ट्रिक घेणारा रजनीश गुरबानी महाराष्ट्राकडे गेला. २०१८-१९ च्या अंतिम सामन्यात ११ बळी घेणारा आदित्य सरवटे केरळकडे गेला आणि २०२५ च्या त्याच जामठ्यातील अंतिम सामन्यात विदर्भाविरुद्ध ७९ धावा करून गेला. आधार गेला की तो असा समोरून भेटतो. २०२४-२५ च्या रणजीत ८६३ धावा करणारा नायर त्या विजेतेपदानंतर कर्नाटकात परतला. फजल तर फेब्रुवारी २०२४ मध्येच निवृत्त झाला होता.

वऱ्हाडाला सर्वांत अधिक लागलेले जाणे मात्र अमरावतीच्या जितेश शर्माचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत त्याने भारताकडून टी-ट्वेंटी पदार्पण केले. २०२५ मध्ये बंगळुरूच्या संघाला पहिले आयपीएल विजेतेपद मिळाले, त्याआधी लखनौविरुद्ध ३३ चेंडूंतील नाबाद ८५ धावांची त्याची खेळी घरोघरी पाहिली गेली. त्यानंतरच्या स्थानिक मोसमासाठी तो बडोद्याकडे गेला. विदर्भाच्या रणजी संघात यष्टिरक्षण कर्णधार अक्षय वाडकर करतो आणि वाडकरला हात लावण्याचे कोणालाही कारण नाही. २०१७-१८ च्या अंतिम सामन्यातील त्याचे शतक आणि मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबईविरुद्ध ५३८ धावांचा पाठलाग करताना त्याने झळकावलेले शतक आठवावे. एका जागेचे दोन दावेदार असतील तर एकाने वाट शोधणे स्वाभाविक आहे. पण भारताकडून खेळलेला वऱ्हाडातील यष्टिरक्षक घरच्या संघात सामावत नाही, ही गोष्ट अमरावतीत आणि अकोल्यात सहज पचण्यासारखी नाही.

घरच्यांनी उभा केलेला संघ

एवढे जण गेल्यावर संघ खचेल, अशी भीती होती. झाले उलटेच. ऑक्टोबर २०२५ मध्ये जामठ्यातच इराणी करंडकाच्या सामन्यात विदर्भाने शेष भारताला ९३ धावांनी हरविले. पहिल्या डावात १४३ धावा करून सामनावीर ठरला अथर्व तायडे. ज्या मैदानावर सात महिन्यांपूर्वी तो बाकावर होता, तेच हे मैदान.

पुढे जानेवारी २०२६ मध्ये बंगळुरूत विजय हजारे करंडकाच्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राला नमवून विदर्भाने एकदिवसीय स्पर्धेचे पहिले विजेतेपद मिळविले. आदल्या वर्षी याच स्पर्धेच्या अंतिम फेरीत कर्नाटकने विदर्भाला रोखले होते. या वेळी उपांत्य फेरीत तोच कर्नाटक समोर होता, नायर त्यांच्या बाजूने खेळत होता आणि विदर्भाकडून पाच बळी घेणारा होता दर्शन नळकांडे. २०२१ च्या मुश्ताक अली स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात सलग चार चेंडूंवर चार बळी घेऊनही ज्याला कर्नाटककडून चार धावांनी हार पत्करावी लागली होती, त्याच्यासाठी हा जुना हिशेब होता. अंतिम सामन्यात तायडेने १२८ धावा केल्या. अमन मोखाडेने स्पर्धेत ८१४ धावा जमविल्या आणि नेतृत्व होते हर्ष दुबेकडे, ज्याने २०२४-२५ च्या रणजी मोसमात ६९ बळी घेऊन विक्रम केला होता. पाहुणे या संघातही होते. शोरी होता, मूळचा कर्नाटकचा रविकुमार समर्थ होता. पण करंडक ज्यांच्या कामगिरीवर आला ती नावे आता प्रामुख्याने घरची आहेत. पुनर्बांधणी म्हणतात ती हीच.

आणि या पुनर्बांधणीत अकोल्याचा वाटा त्याच्या आकारमानाच्या मानाने किती मोठा आहे, हेही दिसते. वानखेडेवरील मार्च २०२४ च्या अंतिम सामन्यात तायडे आणि आदित्य ठाकरे हे अकोल्याचे दोघे होते. ठाकरेने प्रथम श्रेणीतील पदार्पणच २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात केले. वय एकोणीस वर्षांखालील गटाचे! करंडक हाती आल्यानंतर काही दिवसांतच तो जखमी खेळाडूच्या जागी युवा विश्वचषकासाठी न्यूझीलंडला रवाना झाला. तायडेने त्याच सुमारास कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशविरुद्ध ३२० धावांची खेळी केली होती. एका जिल्ह्याच्या क्लबमधून एका पिढीत तीन खेळाडू राज्य संघाच्या अंतिम सामन्यांपर्यंत जातात, याला योगायोग म्हणता येणार नाही. रोज सकाळी कोणीतरी मैदानावर उभे राहिलेले असते.

शिडी कुठे उभी आहे?

म्हणूनच जुन्या शहराचा मूळ आक्षेप नेमका कोणता, ते पाहिले पाहिजे. अकोल्याच्या मुलाला संघात घेत नाहीत, हा आक्षेप इतिहासाने खोडून काढला आहे. वाडकरच्या आणि त्याआधी फजलच्या संघात अकोल्याला सातत्याने जागा मिळाली आहे. खरा आक्षेप शिडीविषयी आहे. निवड समितीच्या नजरेत यायचे तर नागपुरात खेळले पाहिजे. क्लबांची प्रतिष्ठेची गुजदर लीग नागपुरात, अकादमी नागपुरात, २०२४-२५ च्या रणजीचे उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम हे तिन्ही सामने नागपुरात. अकोल्याहून नागपूर अडीचशे किलोमीटर. मुलाने दहावी-बारावीच्या वयात घर सोडायचे, खोली घ्यायची, डबा लावायचा. ज्याच्या घरी हे जमते त्याचा खेळ दिसतो. ज्याच्या घरी जमत नाही त्याने किती धावा केल्या असत्या, हे कोणत्याही धावपुस्तिकेत नोंदलेले नसते.

जून २०२५ मध्ये विदर्भ क्रिकेट संघटनेने विदर्भ प्रो टी-ट्वेंटी लीग सुरू केली. स्थानिक मुलांना प्रकाशझोत, दूरचित्रवाणी आणि आयपीएलच्या निरीक्षकांची नजर मिळावी, हा हेतू स्तुत्य आहे. पुरुषांचे सहा संघ उतरले. त्यांपैकी दोघांच्या नावात नागपूर आहे. अकोला, अमरावती, यवतमाळ, बुलडाणा यांपैकी एकाही जिल्ह्याचे नाव कोणत्याही संघाच्या पाटीवर नाही आणि सामनेही नागपुरातच झाले. संघ विकत घेणाऱ्याने हवे ते नाव द्यावे, हा व्यवहार झाला. पण अकोल्याचा संघ आणि अमरावतीचा संघ यांच्यातील सामन्याला जी गर्दी लोटली असती, ती वाघाच्या किंवा सरदाराच्या नावाने येत नाही. सौराष्ट्र, कर्नाटक, तामिळनाडू येथील अशा लीगमध्ये शहरांच्या आणि जिल्ह्यांच्या नावांवर निष्ठा जुळताना सर्वांनी पाहिल्या आहेत.

निवड समितीने जिल्हावार वाटणी करावी, असे येथे मुळीच सुचवायचे नाही. तसे झाले तर संघ वर्षभरात कोसळेल. सलामीवीर धावा करीत नसेल तर तो अकोल्याचा असो की नागपूरचा, त्याने बसलेच पाहिजे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तायडे बसला आणि ऑक्टोबरमध्ये धावा करून परतला. निवड प्रक्रियेला श्रेय द्यायचे तर त्यालाच द्यावे लागेल. त्याला परतण्याची दारे उघडी होती, कारण तो तोवर त्या इमारतीत पोहोचलेला होता.

जे अद्याप पोहोचलेले नाहीत त्यांच्यासाठी मोठ्या खर्चाच्या योजना लागत नाहीत. लीगचे निदान तीन-चार सामने मोसमाच्या सुरुवातीला अकोला आणि अमरावतीत खेळविता येतील. आंतरजिल्हा सामन्यांच्या सर्व दिवशी निवड समितीचा एक सदस्य मैदानावर पूर्णवेळ बसू शकेल. व्यावसायिक खेळाडूंच्या तीन जागांपैकी एखादी दर मोसमाला रिकामी ठेवून ती घरच्या तरुणासाठी राखता येईल की नाही, यावर वाद होऊ शकतो. समर्थसारखा अनुभवी फलंदाज ड्रेसिंग रूममध्ये असण्याचा लाभ तायडेलाही होतोच.

तोवर जुन्या शहरातला एखादा मुलगा मोर्णेच्या पुलावरून, खांद्यावर किट घेऊन, पलीकडे अकोला क्रिकेट क्लबच्या मैदानाकडे जात राहील. पुढच्या उन्हाळ्यात नागपूरचे तिकीट काढायचे की नाही, हे त्याच्या वडिलांनी अजून ठरविलेले नसते.