'लिबर्टी', 'फ्रीडम' आणि आपले एक 'स्वातंत्र्य'

इंग्रजी कोशांत 'लिबर्टी' आणि 'फ्रीडम' हे शब्द एकमेकांचा अर्थ सांगण्यासाठी योजले जातात. मराठीत दोहोंसाठी 'स्वातंत्र्य' हा एकच प्रतिशब्द रूढ आहे. त्यामुळे या दोहोंतील निवड ही केवळ रुचीची बाब होय, असा समज अभ्यासकांतही आढळतो. तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

व्युत्पत्ती येथे फारशी उपयोगी पडत नाही. 'फ्रीडम' हा जर्मानिक कुळातील, तर 'लिबर्टी' हा लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेला शब्द आहे. परंतु कूळ निराळे म्हणून आजचा अर्थ निराळा ठरत नाही. भेद प्रकटतो तो प्रयोगात. स्वातंत्र्यसैनिक हा 'फ्रीडम फायटर'. तेथे 'लिबर्टी' चालत नाही. उलट, मर्यादा ओलांडून सलगी करणे म्हणजे 'लिबर्टी' घेणे. तेथे 'फ्रीडम' बसत नाही. मराठी संभाषणातही 'जरा लिबर्टी घेतली' असे आपण सहज म्हणतो. म्हणजे हा भेद आपल्या कानाला परिचित आहे. परिभाषेत मात्र तो उतरलेला नाही.

या भेदाचे मोल भारतीय संविधानाच्या घडणीत स्पष्ट होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने १९४८ च्या मसुद्यात 'लिबर्टी'पूर्वी 'पर्सनल' हे विशेषण घातले. अन्यथा अन्य अनुच्छेदात स्वतंत्रपणे सांगितलेल्या 'फ्रीडम'चाही समावेश त्या शब्दात मानला जाईल, अशी शंका समितीने नोंदविली होती. पुढे १९५० च्या गोपालन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद १९ आणि अनुच्छेद २१ यांची क्षेत्रे पृथक् मानली; १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात ती परस्परसंबद्ध ठरविली. शासनाने हिरावलेल्या स्वातंत्र्याचा निवाडा कोणत्या कसोट्यांवर व्हावा, हा प्रश्न या दोन शब्दांच्या नात्याशी असा जोडला गेला.

मग अनुवादकाने काय करावे? 'लिबर्टी'साठी नवा संस्कृतोद्भव शब्द घडविणे आम्हांस इष्ट वाटत नाही. 'स्वातंत्र्य' या शब्दामागे चळवळीचा जो इतिहास उभा आहे, तो घडीव शब्दाला लाभणार नाही. मसुदा समितीने अनुसरलेला मार्गच अधिक श्रेयस्कर होय: शब्द तोच ठेवावा आणि भेद विशेषणाने वा वाक्यरचनेने दाखवावा. मात्र त्यापूर्वी मूळ वाक्यात एका शब्दाच्या जागी दुसरा ठेवून ते वाचून पाहावे. अर्थ ढळत नसेल तर नुसते 'स्वातंत्र्य' पुरेसे आहे; ढळत असेल तर तो भेद मराठी वाचकापर्यंत पोहोचविणे हे अनुवादकाचे कर्तव्य ठरते.