विश्लेषण : फियॉर्डच्या सहलीत बोट धूरमुक्त झाली, बसचे काय?

बसने घाट उतरायचा, बोटीत बसून दोन तास कड्यांच्या सावलीतून जायचे आणि संध्याकाळी रेल्वेने परतायचे. नॉर्वेतील ही एकदिवसीय सहल मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या अनेक स्कँडिनेव्हिया दौऱ्यांतही असते. १ जानेवारी २०२६ पासून या सहलीतील बोटींसाठी शून्य उत्सर्जनाचा नियम लागू झाला. मात्र सर्वात मोठ्या जहाजांना त्यातून सहा वर्षांची सूट मिळाली आहे.

सहल कुठून कुठे जाते?

पर्यटक बर्गेनहून रेल्वेने वॉसला येतात. तिथून बसने तासाभरात गुडवांगेनचा धक्का गाठतात. पुढे बोटीने नॅरॉयफियॉर्डमधून फ्लोम आणि तिथून २० किलोमीटरच्या डोंगरी रेल्वेने ८६६ मीटर उंचीवरचे मिर्डाल. नॅरॉयफियॉर्ड सर्वात अरुंद ठिकाणी जेमतेम २५० मीटर रुंद आहे. गायरांगरफियॉर्डसह त्याला २००५ मध्ये ‘युनेस्को’ने जागतिक वारसा स्थळांत स्थान दिले.

फियॉर्ड म्हणजे खाडीच, पण कोकणातल्यासारखी नव्हे. दाभोळची खाडी ही नदीचे खोरे समुद्रात बुडून झाली. फियॉर्डची दरी हिमनद्यांनी खरवडून काढलेली असते. म्हणून काठ उभे आणि पाणी शेकडो मीटर खोल. मोठे जहाज थेट गावाच्या तोंडाशी येऊ शकते ते यामुळेच. आणि त्याच उभ्या कड्यांमुळे वारा नसलेल्या दिवशी जहाजांचा धूर दरीतच कोंडून राहतो.

नियम काय सांगतो?

नॉर्वेच्या संसदेने मे २०१८ मध्ये ठराव केला, की वारसा फियॉर्डमध्ये पर्यटन जहाजे आणि फेरीबोटींचे उत्सर्जन शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा २०२६ पर्यंत थांबावे. प्रत्यक्ष नियम होताना त्याचे दोन तुकडे झाले. १० हजार ग्रॉस टनेजपेक्षा लहान प्रवासी जहाजांना २०२६ पासून बंधन, त्याहून मोठ्यांना २०३२ पासून. बॅटरीबरोबर जैववायूही चालतो. (ग्रॉस टनेज म्हणजे वजन नव्हे, जहाजाच्या आतील जागेचे माप.)

हजारो प्रवासी घेऊन समुद्रावर अनेक दिवस फिरणारे जहाज आजच्या बॅटरीवर चालत नाही, आणि पर्यायी इंधने अजून पुरेशी उपलब्ध नाहीत, हे सवलतीमागचे कारण. ते खोटे नाही. तरीही ज्या धुरामुळे हा विषय पेटला, त्यात मोठ्या जहाजांचा वाटा ठळक होता. रोज ये-जा करणाऱ्या स्थानिक बोटींनी आधी खर्च करायचा आणि बाहेरून येणाऱ्या क्रूझने नंतर, हा क्रम स्थानिकांना खटकला तर नवल नाही.

छोट्या गावात एवढी वीज कुठून?

या मार्गावर २०१८ पासून ‘फ्यूचर ऑफ द फियॉर्ड्स’ ही पूर्ण विजेवरची बोट धावते. कार्बन फायबरची, ४२ मीटर लांब, ४०० प्रवाशांची. तिची बॅटरी १.८ मेगावॉट-तासांची आहे आणि फेरी संपल्यावर ती सुमारे २० मिनिटांत भरावी लागते. गुडवांगेनच्या वीजवाहिनीला एवढा भार एकदम झेपणारा नव्हता. उपाय साधा निघाला. नळाला बारीक धार असली, की आपण टाकी भरून ठेवतो. तसाच तिथे २.४ मेगावॉट-तासांच्या बॅटऱ्या असलेला तरंगता धक्का बांधला. तो वाहिनीतून हळूहळू वीज साठवतो आणि बोट आली की झपाट्याने देतो. नॉर्वेची बहुतांश वीज जलविद्युत असल्याने हा हिशेब खऱ्या अर्थाने स्वच्छ ठरतो. (तेल आणि वायू हा देश बाहेर विकतो, ती गोष्ट वेगळी!) इंजिनाची घरघर नसल्याने धबधबे ऐकू येतात, हा प्रवाशांचा फायदा.

मग अडचण काय?

नियम पाण्यावरचा आहे, रस्त्यावरचा नाही. धक्क्यापर्यंत येणाऱ्या डिझेल बसला तो लागू होत नाही. २०३२ नंतर मोठी जहाजे वारसा क्षेत्राबाहेर, उदाहरणार्थ ओलेसुंड किंवा ओल्डेनला थांबतील आणि प्रवाशांना बसने आत पाठवतील, ही शक्यता उघड दिसते. तसे झाले तर धूर फियॉर्डमधून अरुंद घाटरस्त्यांवर सरकेल. धूर थांबवणे आणि गर्दी थांबवणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. नॉर्वेने आतापर्यंत हात घातला आहे तो मुख्यतः पहिल्याला.

खर्च कोण भरणार?

फ्लोमची वस्ती काही शेंची. स्वच्छतागृहे, वाहनतळ, कचरा हा भार मात्र नगरपालिकेवर. जून २०२५ मध्ये संसदेने पर्यटकांवर कर लावण्याचा कायदा मंजूर केला. पर्यटनाचा ताण असलेल्या पालिकांना मुक्कामाच्या भाड्यावर ३ टक्क्यांपर्यंत आकारणी करता येईल. पण मुक्कामाच्या भाड्यावरचा कर मुक्काम करणाऱ्यालाच लागतो. फ्लोममध्ये दुपारचे दोन तास घालवून रात्री बर्गेनच्या हॉटेलात झोपणाऱ्याचा कर जमा झालाच, तर तो बर्गेनच्या तिजोरीत जाईल.