पुरलेलें पाप आणि रहस्यकथा

मुलाच्या हातीं रहस्यकथेचें पुस्तक दिसतांच पुष्कळ पालकांच्या कपाळास आठी पडते. खून, चोऱ्या व पाठलाग यांचीं वर्णनें वाचून कोवळीं मनें बिघडतील, असें भय त्यांस वाटतें. हें भय अगदींच निराधार आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु बाबूराव अर्नाळकरांनीं हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि त्यांच्या झुंजार, काळापहाड, धनंजय या नायकांनीं हजारों मराठी वाचकांस वाचनाची गोडी लाविली, हेंही विसरून चालणार नाहीं. तेव्हां रहस्यकथा कशी वाचावी, एवढाच प्रश्न उरतो.

उदाहरणादाखल सर आर्थर कॉनन डॉइल यांची 'द साइन ऑफ फोर' ही १८९० सालची कादंबरी घेऊं. लंडनजवळच्या एका घरांत, आंतून बंद असलेल्या खोलींत, बार्थोलोम्यू शोल्टो नांवाचा गृहस्थ विषारी कांट्यानें मरून पडलेला आढळतो. शेरलॉक होम्स माग काढीत जातो, तों या खुनाचें मूळ १८५७ सालच्या आग्र्याच्या किल्ल्यांत निघतें. त्या धामधुमींत अहमत नांवाचा व्यापारी एका राजाचें जवाहीर घेऊन किल्ल्याच्या आश्रयास येतो. पहाऱ्यावरील तिघे व त्याचाच सोबती संगनमत करून त्याचा जीव घेतात आणि पेटी भिंतींत दडवितात. पुढें चौघेही पकडले जाऊन अंदमानांत जन्मठेप भोगतात. तेथें बार्थोलोम्यूचा बाप मेजर शोल्टो त्यांस फसवून ती पेटी लांबवितो. आणि मूळ पापास तीस वर्षें लोटल्यावर मुलाचा प्राण जातो. शेवटीं जवाहीर टेम्स नदींत फेंकलें जातें. कोणाच्याच हातीं कांहीं लागत नाहीं!

खुनी सांपडला म्हणजे बहुतेक वाचक पुस्तक मिटतात. आमच्या मतें खरा विचार तेथूनच सुरू व्हावा. चौघांच्या निशाणीचें नांव पुस्तकास मिळालें; परंतु ज्याच्या रक्तापासून हा सर्व अनर्थ झाला, त्या अहमतासाठीं कथेंत कोणी अश्रू ढाळीत नाहीं. वाचकासही पेटीचीच तळमळ लागते. अंदमानच्या बेटवासीयाचें चित्र तर लेखकानें राक्षसाप्रमाणें रंगविलें आहे. कथेची चटक घेतांना हे दोष ओळखतां आले पाहिजेत.

आपल्या खानदेशांतही पडका वाडा दिसला कीं त्याखालीं मोहरांचा हंडा पुरला आहे, अशी वदंता उठते. गुप्तधनाच्या शोधाच्या नांवाखालीं होणारीं अघोरी कृत्यें महाराष्ट्रांत २०१३ च्या कायद्यानें गुन्हा ठरविलीं, यावरून हा लोभ किती खोल आहे तें दिसतें. हंड्याची गोष्ट निघाली कीं तो कोठें आहे, एवढेंच सर्व विचारतात. तो कोणाचा होता व येथें कसा आला, हें कोणी विचारीत नाहीं.

विद्यार्थ्यांनीं हा दुसरा प्रश्न विचारण्यास शिकावें. पुरलेल्या पापास व्याज चढत जातें, आणि तें पुष्कळदां निरपराध वारसांस फेडावें लागतें. लहानशी चूकही लपविण्यापेक्षां त्याच दिवशीं घरीं सांगून टाकावी. त्या दिवशीं ती स्वस्तांत सुटते. पालकांस आमची विनंती एवढीच कीं, त्यांनीं मुलाच्या हातांतील पुस्तक हिसकावून घेऊं नये. तें आपणही वाचावें, आणि रात्रीं जेवतांना मुलास विचारावें : यांत खरा अन्याय कोणावर झाला?