मोटारींतील खर्ज

गेल्या कांहीं वर्षांत पुष्कळ कुटुंबांच्या दाराशीं मोटार आली, आणि मोटारीमागोमाग तिच्या डिकींत एक काळी पेटीही आली. या पेटीस सबवूफर म्हणतात. ती घेतांना वडील मंडळींस सहसा कोणी विचारीत नाहीं. घेतल्यावर मात्र तिच्यावरून घरांत दोन तट पडतात. आजोबा म्हणतात, "हा ढोल आधीं काढून टाका, माझ्या छातींत धडधडतें." नातू म्हणतो, "अहो आजोबा, एवढे पैसे घातले, आणि गाणें कोठें ऐकूं येतें? नुसती गुरगुर!" मौज अशी कीं, दोघांचीही तक्रार खरी असते आणि दोघांचाही रोख चुकीच्या ठिकाणीं असतो. दोष पेटीचा क्वचितच असतो. तो असतो पेटी चालविणाऱ्या अॅम्प्लिफायरवरील चार-पांच बारीक खुंट्यांचा. आणि त्या खुंट्या बसविणाऱ्या कारागिरानें, गिऱ्हाईक दुकानांतच खूष व्हावें म्हणून, पांच मिनिटांत फिरवून ठेवलेल्या असतात. त्या घरच्या घरीं नीट कशा लावाव्या, याचा विचार या खेपेस करूं.

प्रथम ही पेटी आहे कशासाठीं तें पाहिलें पाहिजे. गायकाचा षड्ज काळी एक धरला तर तो दर सेकंदास सुमारें १३९ कंपनांचा होतो. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यानें, म्हणजे सुमारें ६९ कंपनांनीं बोलते. मोटारीच्या दारांतील पांच-सहा इंचांचे स्पीकर जोडीच्या तारा उत्तम ऐकवितात. परंतु ६९ कंपनांचा स्वर भरदारपणें उठविण्याइतकी हवा त्यांच्या लहानशा पडद्यास हलवितां येत नाहीं. तेथें आपण खर्ज ऐकतों तो बहुतांशीं त्याच्या वरच्या स्वयंभू स्वरांवरून. मूळ स्वर जवळजवळ गळालेलाच असतो. हा गळालेला पाया परत मिळवून देणें एवढेंच सबवूफरचें काम. चांगल्या बैठकींत तंबोऱ्याकडे मुद्दाम लक्ष जात नाहीं, पण तो थांबला कीं सारी बैठक उघडी पडते. सबवूफरची परीक्षा हीच. तो वाजतो आहे हें मागच्या बाकावरील आजीबाईंस कळलें तर खुंट्या चुकल्या, तो बंद करतांच "काय झालें?" असें त्यांनीं विचारलें तर साधल्या.

पहिली आणि सर्वांत गैरसमजाची खुंटी म्हणजे 'गेन'. ही आवाज लहानमोठा करण्याची खुंटी आहे असें शेंकडा नव्वद लोक समजत असावेत. ती तशी नव्हे. पुढच्या फळीवरील वादनयंत्राकडून अॅम्प्लिफायरकडे जी विजेची लहर येते, ती कांहीं यंत्रांत दोन व्होल्टांची असते, कांहींत चारांची. केवढी लहर आली म्हणजे अॅम्प्लिफायरनें आपली पूर्ण ताकद द्यावी, हें गेन ठरवितो. म्हणूनच या खुंटीभोंवतीं बहुधा ६ पासून ०·२ पर्यंत व्होल्टांचे आंकडे छापलेले असतात, आणि खुंटी जसजशी उजवीकडे जाते तसतसा आंकडा लहान होतो. दोन व्होल्ट देणाऱ्या यंत्रास ०·२ वर बसविणें म्हणजे शेरभर दूध पावशेराच्या भांड्यांत ओतण्यासारखें आहे. पूर्ण ताकद यंत्राच्या अर्ध्या आवाजाच्याही आधींच संपते. पुढें जें येतें तें उतूं जातें.

हें उतूं जाणें म्हणजे काय, तें समजून घेण्याजोगें आहे. स्वराची लहर गोलसर चढते व गोलसर उतरते. अॅम्प्लिफायरची मर्यादा संपली म्हणजे तिचा माथा, ठेंगण्या माळ्यावर उंच मनुष्य उभा राहावा तसा, वर आपटतो आणि सपाट होतो. कानास ही सपाटी प्रथम 'जोरदार' वाटते. तरुणांस आवडते ती हीच. परंतु पूर्ण सपाट झालेली लहर तेवढ्याच उंचीच्या गोल लहरीच्या दुप्पट शक्ति वाहते, आणि तिची बहुतेक उष्णता स्पीकरच्या तारेच्या वेटोळ्यांत उतरते. कांहीं दिवसांनीं डिकींतून जळक्या रोगणाचा वास येतो, पेटी मुकी होते, आणि "माल हलका निघाला" असें ठरतें. माल हलका नसतो. खुंटी जड झालेली असते.

गेन बेताचा लावण्याची रीत सोपी आहे. तिला एक साधा मल्टीमीटर आणि ५० कंपनांच्या शुद्ध स्वराची, पूर्ण पातळीवर नोंदलेली फीत लागते. अशी फीत मोबाइलवर सहज मिळते. अॅम्प्लिफायर व सबवूफर या दोहोंच्या माहितीपत्रकांत वॉटचे दोन-दोन आंकडे असतात: खोक्यावर ठळक छापलेला मोठा आंकडा क्षणिक ताकदीचा, आणि 'आर्‌एम्‌एस्' पुढें लिहिलेला लहान आंकडा सतत ताकदीचा. मोठ्याकडे पाहूं नये. दोन्ही यंत्रांच्या लहान आंकड्यांपैकीं जो कमी असेल तो घ्यावा, त्यास पेटीच्या ओहमनें गुणावें आणि गुणाकाराचें वर्गमूळ काढावें. उदाहरणार्थ, ३०० वॉट आणि ४ ओहम असतील तर गुणाकार १२००, व त्याचें वर्गमूळ सुमारें ३४·६. एवढे व्होल्ट हें आपलें साध्य.

आतां सबवूफरच्या तारा अॅम्प्लिफायरवरून सोडवाव्या, मोटारीचें एंजिन चालू ठेवावें, 'बास बूस्ट' शून्यावर आणावा आणि गेन पूर्ण डावीकडे. वादनयंत्राचा आवाज त्याच्या पाऊण मजलीवर ठेवून स्वर लावावा, मीटर बदलत्या प्रवाहाच्या व्होल्टांवर ठेवून त्याचीं टोकें अॅम्प्लिफायरच्या मोकळ्या झालेल्या मुखांस लावावीं, आणि ३४·६ दिसेपर्यंत गेन केसाकेसानें उजवीकडे न्यावा. दिसतांच थांबावें. घरांतील विजेचीं आंदोलनेंही सेकंदास ५० च असल्यामुळें स्वस्तांतला मीटरही या स्वरावर खोटें बोलत नाहीं. मुखांस बोट लावूं नये, आणि तारा परत जोडण्यापूर्वीं सर्व बंद करावें. यापुढें कोणीही हौसेनें गाडींतील आवाज पाऊण मजलीवर नेला, तरी पेटीस सहसा धोका नाहीं.

दुसरी खुंटी 'लो पास'. अमुक कंपनांच्या खालचेंच पेटीकडे जाऊं द्यावें, अशी ही द्वारपालाची खुंटी. ती ८० च्या आसपास ठेवावी असें आमचें मत आहे. ८० कंपनांची लहर हवेंत सुमारें सव्वाचार मीटर लांब असते. एवढ्या लांब लहरीची दिशा आपल्या वीतभर रुंदीच्या मस्तकास ओळखतां येत नाहीं. त्यामुळें पेटी पाठीमागें असूनही खर्ज पुढून, गायकाच्या अंगाखालून आल्यासारखा वाटतो. हीच खुंटी १५०-२०० वर ठेवली कीं षड्ज, डग्ग्याची वरची घुमारी आणि निवेदकाचा आवाज हीं सर्व डिकींत जाऊन बसतात, आणि बुवा पुढें गात आहेत पण त्यांचा गळा मागें राहिला आहे असा चमत्कार होतो. वादनयंत्रांतही असाच द्वारपाल असल्यास दोहोंपैकीं एकासच कामावर ठेवावें. दारांतील स्पीकरांस मात्र ८० च्या वरचेंच पाठवावें. न पेलणारें ओझें गेल्यामुळें तेही मोकळे गातात.

'फेज' या बटणावर ० आणि १८० असे दोन आंकडे असतात. झोपाळ्यावर बसलेल्यास दोघांनीं झोका द्यावयाचा असेल तर दोघांचा हात एकाच वेळीं लागला पाहिजे. एकानें पुढें लोटावें आणि दुसऱ्यानें त्याच क्षणीं मागें, तर झोपाळा जागच्या जागीं राहतो. पुढचे स्पीकर आणि मागची पेटी यांचें असेंच आहे. चालकाच्या जागीं एकानें बसावें, दुसऱ्यानें बटण इकडून तिकडे करावें. ज्या बाजूस खर्ज भरीव वाटेल ती बाजू खरी. हें काम आजोबांस द्यावें, असें आम्ही सुचवितों. ज्यानें उभी हयात बैठकींत घालविली त्याचा कान येथें मीटरपेक्षां बरा.

'सबसॉनिक' ही खुंटी ज्या पेटीस वारा जाण्यायेण्यास भोंक असतें तिच्यासाठीं महत्त्वाची. पेटी ज्या कंपनसंख्येस जुळविलेली असते तिच्या किंचित् खालीं ती ठेवावी. नाहींतर त्याहून खालच्या स्वरांत पडदा निराधार फडफडतो. बंद पेटीस तिची फारशी जरूर नाहीं.

राहिला 'बास बूस्ट'. कारागिराची सर्वांत आवडती खुंटी ही, आणि आमची सर्वांत नावडती. तिच्यावर १२ डेसिबेलपर्यंत आंकडे असतात. १२ डेसिबेल म्हणजे जवळजवळ सोळापट शक्ति. २० वॉटांत भागणारा स्वर ३२० वॉट मागूं लागतो, आणि ३०० वॉटांचें यंत्र तेथेंच माथा आपटतें. मग वर इतक्या खटाटोपानें लावलेला गेन व्यर्थ. शिवाय ज्यांत खर्ज मुळांतच नाहीं त्यांत बूस्ट तो आणणार कोठून? १९२५ पूर्वींच्या, कर्ण्यापुढें गाऊन घेतलेल्या तबकड्यांत शंभर कंपनांच्या खालचें फारसें कांहीं उतरतच नसे. अशा मुद्रणास बूस्ट दिला तर बुवांचा आवाज वाढत नाहीं, तबकडीची घरघर तेवढी वाढते. मात्र खर्ज वाढविण्याच्या इच्छेस एक सबळ कारण आहे. आवाज लहान असतांना आपल्या कानास खालचे स्वर वरच्यांच्या मानानें फारच कमी ऐकूं येतात, हें फ्लेचर व मन्सन यांनीं १९३३ सालीं मोजून दाखविलें. त्यासाठीं पुष्कळ अॅम्प्लिफायरांबरोबर चालकाजवळ बसवितां येईल अशी खर्जाची वेगळी खुंटी मिळते. आवाज हळू असतां ती थोडी वर, मोठा करतां खालीं, असा तिचा उपयोग करावा.

मागच्या बाकावर लेंकरें बसतात, आणि पेटी त्यांच्या पाठीशींच असते, हें तरुण मंडळींनीं विसरूं नये. ८५ डेसिबेल आवाज दिवसांतून आठ तासांपर्यंत चालेल, पुढें दर तीन डेसिबेलांस वेळ निम्मा करावा, असा मोठ्या कामगारांसाठींचा एक मान्य हिशोब आहे. त्या हिशोबानें १०० डेसिबेलांस पाव तासच उरतो. लेंकरांच्या कानांस याहूनही जपलें पाहिजे. शेजारचेंही असेंच. मोटारीच्या कांचा वरचे स्वर बऱ्याच अंशीं अडवितात, खर्ज अडवीत नाहींत. म्हणून आंत बसलेल्यास गाणें ऐकूं येतें आणि वाड्यांत निजलेल्यास नुसते ठोके. आपल्याकडील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण-नियमांप्रमाणें वस्तीच्या भागांत रात्रीं दहा ते सहा या वेळांत मर्यादा ४५ डेसिबेलांची आहे. गल्लीच्या तोंडाशींच खर्जाची खुंटी शून्यावर आणणें बरें.

एवढें करूनही ठोक्यागणिक पुढचे दिवे मंद होत असतील, तर खुंट्यांस बोल लावूं नये. ३०० वॉटांचा अॅम्प्लिफायर भर आवाजांत अट्ठावीस-तीस अँपिअर ओढतो. तेव्हां बॅटरीपासून येणारी तार पुरेशी जाड आहे कीं नाहीं, तिच्यावरील फ्यूज बॅटरीच्या दीड फुटाच्या आंत आहे कीं नाहीं, आणि जमिनीची तार रंग खरवडलेल्या उघड्या पत्र्यावर घट्ट आवळलेली आहे कीं रंगावरच टेकविली आहे, हें कारागिराकडून आपल्या डोळ्यांदेखत पाहून घ्यावें.