उपमा हातास लागावी
निबंध लिहावयास बसलेल्या मुलास वडील मंडळी ‘चंद्रासारखें मुख’ सांगून मोकळी होतात. मग त्यानें चंद्राकडे पाहावें तरी कशाला? तिवसा भागांत कपाशी उभी असतां उपमा उसनी कां आणावी? फुटलेलें बोंड त्याच्या हातीं द्यावें. कापूस मऊ, असें तो म्हणेल. कशासारखा मऊ, हें त्यासच ठरवूं द्यावें. वाळलेलें कवच बोंचलें म्हणजे ‘टोंकदार’ हें विशेषण आम्हीं सांगावयास नको.

याच अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर हें महानुभावांचें क्षेत्र. त्या पंथांतील केसोबासांनीं संकलित केलेल्या ‘दृष्टान्तपाठां’त जन्मांध लोक हत्ती चांचपतात, पाय धरणारास तो खांबासारखा वाटतो, कान धरणारास सुपासारखा. दृष्टान्ताचा रोख अपुऱ्या ज्ञानावर आहे खरा. पण घरांतल्या वस्तूंच्या या उपमा किती चोख! मुलानें अशी एखादी आणली, तर ओबडधोबड म्हणून ती खोडूं नये.