निधी भिंतींना, मग सारथ्याचे काय?

१६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूरच्या तरुणांनी परकीय सत्तेला आव्हान दिले. बालाजी रायपूरकर यांना त्या संग्रामात हौतात्म्य आले. त्या स्मृतीला आपण दरवर्षी वंदन करतो. परंतु आजचा तरुण कशाने प्राणास मुकतो, याचा विचार किती जण करतात? २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ नागरिकांचा बळी गेला. त्यांतील जवळजवळ दोन तृतीयांश अठरा ते पंचेचाळीस या वयोगटातील होते. राष्ट्राची उमलती शक्ती अशी रस्त्यावर सांडत असताना समाजाने स्वस्थ बसणे योग्य नव्हे.

चिमूर तालुक्यात वाहन चालविता येणे ही चैन नव्हे, ते उपजीविकेचे साधन आहे. कोलारा प्रवेशद्वारातून ताडोब्यात जाणारी पर्यटकांची जिप्सी असो वा धानाचा ट्रॅक्टर, चालक गावचाच लागतो. रात्री वळणावर समोर येणारे रानडुक्कर, रस्त्यात बसलेली जनावरे, मागे दिवा नसलेली ट्रॉली यांच्याशी त्याची रोजची गाठ असते. परीक्षेच्या मैदानावर हे शिकायला मिळत नाही.

शिकाऊ परवानाधारकाने शेजारी परवानाधारक शिक्षक बसवूनच गाडी चालवावी, असा नियम आहे. तीस दिवसांनंतर त्याला पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. मात्र ज्या वनवासी अथवा शेतमजुराच्या घरात आजवर कोणी गाडी चालविलीच नाही, तेथे शेजारी बसणार कोण? मग मित्राची गाडी घेऊन, मित्राच्याच भरवशावर शिक्षण होते. प्रवासी वा मालवाहू वाहन विसाव्या वर्षापूर्वी चालविता येत नाही. म्हणजे अठरा ते वीस ही दोन वर्षे वस्तुतः घडणीची आहेत. ती वाया जातात.

तरुणांसाठी शासनाचा पैसा नाही, असे नाही. क्रीडा विभाग व्यायामशाळा व क्रीडांगणांना अनुदान देतो. लोकप्रतिनिधींच्या निधीतून सभागृहे उभी राहतात. वास्तू आवश्यकच आहेत. पण वास्तूत माणूस घडविणारा नसेल, तर तिला कुलूप लागते. भिंतीचे उद्घाटन करता येते, संस्काराचे करता येत नाही. निधीचा ओघ भिंतींकडे वळण्याचे कारण बहुधा हेच असावे.

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात एकवीस वर्षांखालील शिकाऊ चालकाला १२० तासांच्या सरावाची नोंद दाखवावी लागते. ज्यांच्या घरी शिकविणारे कोणी नाही, अशांसाठी तेथे स्थानिक संस्था स्वयंसेवक मार्गदर्शक देतात. त्याचा खर्च अपघातग्रस्तांना भरपाई देणारी शासकीय यंत्रणा उचलते. भरपाईपेक्षा शिक्षण स्वस्त, हा हिशेब त्यांना उमगला आहे. गुरुशिष्य परंपरा सांगणाऱ्या आपल्या समाजाला तो का उमगू नये?

चंद्रपूर जिल्ह्याच्या भूमीतून कोळसा निघतो. खाणबाधित भागांसाठी २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानाची तरतूद असून कौशल्यविकास हा त्यातील अग्रक्रमाचा विषय आहे. ज्या गावांना त्या निधीचे निकष लागू होतात तेथे त्यातून, अन्यत्र कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून, तालुक्याला दुहेरी ब्रेकची एक गाडी, इंधन व विमा एवढे मिळावे. मार्गदर्शक मात्र समाजाने द्यावेत. राज्य परिवहनचे निवृत्त चालक आणि माजी सैनिक गावोगावी आहेत. मोबदला घेऊन वाहन शिकविण्यास परवाना लागतो. म्हणून हे कार्य निःशुल्क सेवा म्हणूनच व्हावे, आणि तेच त्याचे बळ ठरेल.

हे काम शासनाचे नव्हे काय, असे कोणी विचारील. परवाना देणे शासनाचे काम आहे. संयम आणि दुसऱ्याच्या जिवाची काळजी शिकविणे समाजाचे. गोंदोड्याच्या तपोभूमीत साधना केलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामोन्नतीचा भार गावावरच टाकला होता. ग्रामसभेत एक ठराव, एक मार्गदर्शक आणि पाच शिकाऊ तरुण, इतक्यावर प्रारंभ होऊ शकतो. कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत हा विषय मांडावा. पुढच्या क्रांतिदिनी हुतात्म्यांना पुष्पहार वाहताना त्या पाच तरुणांनाही सोबत घेऊन जाता येईल.